दगडफुलातला रंग

खानदेशातल्या पिंप्राळ्यात काळ्या मसाल्याची भाजणी निघाली की धणे-खोबऱ्यासोबत दगडफूलही तेलात परतलं जातं. करडं, कुरळ्या कडांचं, हातात घेतलं तर चुरणारं. हे फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. याच्या काही भाऊबंदांनी शतकानुशतकं लोकर आणि रेशीम रंगवलं आहे.

सोपी रीत उकळण्याची. भांड्यात शैवाक आणि लोकर एकत्र घालून मंद आचेवर काही तास ठेवायचं. पिवळसर ते गडद तपकिरी रंग चढतो, तुरटीही लागत नाही. स्कॉटलंडमधलं हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड पूर्वी असंच रंगवत.

खरी किमया आहे जांभळ्या रंगाची. समुद्रकाठी वाढणारं रोसेला नावाचं शैवाक घ्या. भारताच्या किनाऱ्यावरही ते सापडतं. त्यात रंग दिसत नाही, असतात ती रंग घडवणारी आम्लं. ते कुटून अमोनियाच्या पाण्यात भिजवायचं आणि हवा मिळावी म्हणून रोज ढवळायचं. जुने रंगारी त्यासाठी शिळं मूत्र वापरत. काही आठवड्यांत पाणी तांबूस होतं, मग जांभळं. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागदही याच कुळातला. आम्लात लाल, अल्कलीत निळा.

मग खानदेशात हा रंग का रुजला नाही? आपल्या फैजपूरचे रंगारी तर निळ्या-लाल रंगांसाठी नावाजलेले होते! पण आपला मुलुख कापसाचा. शैवाकाचा रंग लोकर-रेशमाला धरतो, सुताला फार कमी. शिवाय हा जांभळा उन्हात विटतो. 1856 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधला आणि पुढे कारखान्यांच्या रंगांपुढे ही विद्या मागे पडली.

तरी कुणाला करून पाहायचंच असेल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे: शैवाकासाठी सातपुड्यातल्या झाडांची साल खरवडू नका. शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. मूठभर खरवडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. वादळात मोडून पडलेल्या फांदीवरचं तेवढं गोळा करा. लोकरीची एखादी छोटी लडी रंगवायला ते पुरतं. आणि रंगाचं भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.