अक्षरांचा पोशाख
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा सारांश)



'कॉम्प्युटरबद्दल काहीतरी बोल' असा आग्रह झाला. मी अक्षरांबद्दल बोलते, कारण आता या स्मरणिकेची छपाई आपल्याला करायची आहे.

'यात्रा वन' नावाचा एक देवनागरी फॉन्ट आहे. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या, पेंटरने ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी तो घडवला. जामखेडला रेल्वे नाही, पण ती अक्षरे पाहिली की आपल्या बाजारपेठेतल्या जुन्या पाट्या आठवतात.

त्यातली गंमत अशी. बोरूचे टोक आपण ज्या बाजूला तिरके कापतो, त्याच्या उलट तिरकेपणा रोमन लेखणीला असतो. त्यामुळे दोन्ही लिपींत जाड-बारीक रेषांच्या जागा बदलतात. एरवी मराठी अक्षरे इंग्रजीच्या मापात बसवली जातात. 'यात्रा'मध्ये इंग्रजी अक्षरांनी देवनागरीचे वळण घेतले आहे. फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे छपाईला वेगळे पैसे पडत नाहीत.

मात्र असा फॉन्ट लग्नातल्या शालूसारखा. मुखपृष्ठ, कमानीवरचा बॅनर, विभागाचे शीर्षक, एवढ्यापुरताच शोभतो. पानभर मजकूर त्यात लावला तर डोळे थकतात. फोन नंबर आणि पत्ते तर साध्याच अक्षरांत हवेत.

फॉन्ट निवडताना परीक्षा घ्यायची ती आपल्या नावांनी. इंग्रजीचे लहान-मोठी मिळून ५२ अक्षरांत भागते. मराठीला जोडाक्षरे, मात्रा, रफार धरून शेकडो आकार लागतात. म्हणून आधी 'कुऱ्हाडे', 'ज्ञानेश्वर', 'श्रद्धा', 'क्षीरसागर' टाइप करून पाहा. 'ऱ्ह' तुटला तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, बाजूला ठेवा. वर्षांनी भेटलेल्या माणसाचे नावच चुकीचे छापले, तर त्या सजावटीचा काय उपयोग?

शेवटची विनंती महत्त्वाची. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत इंग्रजी चिन्ह साठवलेले असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी यादी अगम्य होते आणि नाव टाकून शोधता येत नाही. म्हणून आपल्या तुकडीची यादी युनिकोडमध्येच टाइप करा. आज आपल्यात नसलेल्या वर्गमित्रांची आणि सरांची नावेही त्यात घाला. पुढे त्यांची नातवंडे शोधतील, तेव्हा ती सापडली पाहिजेत.

आणि घरी जाताना गावात एखादी हाताने रंगवलेली पाटी दिसली, तर तिचा फोटो काढून ठेवा. फ्लेक्स आल्यापासून त्या झपाट्याने कमी होत आहेत. कोण जाणे, पुढचा फॉन्ट आपल्या शाळेतलीच एखादी मुलगी त्यावरून करील.