बदलती सरासरी : लोकसमूह, कोलेस्टेरॉल आणि काळ





रक्ततपासणीचा कागद हाती आला की आपली नजर दोन आकड्यांवर जाते. एक आपला स्वतःचा आणि दुसरा त्याच्या शेजारी छापलेला ‘सामान्य’ मर्यादेचा. आपला आकडा त्या मर्यादेत बसला की कागदाची घडी होऊन तो कपाटात जातो. आज मला बोलायचे आहे ते या ‘सामान्य’ शब्दाविषयी. चारचौघांसारखे असणे म्हणजे सामान्य, असे आपण धरून चालतो. परंतु ते चारचौघेच निरोगी नसतील तर?

कोलेस्टेरॉल हा मुळात शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस आणि काही संप्रेरके यांच्या घडणीस ते लागते व त्याचा मोठा भाग यकृतच तयार करते. रक्तातून त्याची वाहतूक करणारे एलडीएल नावाचे कण प्रमाणाबाहेर वाढले, की धमन्यांच्या भिंतींत त्याचा थर साचू लागतो. हे कण रक्तातून उचलून घेणारे ग्राहक पेशींवर असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोणी, मलई, चरबी, पाम तेल यांतील संपृक्त स्निग्धांश या ग्राहकांचे काम मंदावतात. स्वयंपाकघराचा आणि रक्ताचा संबंध जुळतो तो येथे.

आता व्यक्तीकडून समूहाकडे वळू. १९५८ साली अँसेल कीज यांच्या पुढाकाराने सात देशांतील पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. दर १०० मिलिलिटर रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी पूर्व फिनलंडमध्ये २५० मिलिग्रॅमच्या पुढे होती, तर जपानी गावांत ती १७५ च्याही खाली होती. फिनलंडमध्ये जो पुरुष चारचौघांसारखा होता, तो जपानमध्ये रोगी ठरला असता. जेफ्री रोझ या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञांनी १९८५ साली हाच विचार सूत्ररूपाने मांडला. एखादी व्यक्ती आजारी का पडली, हा एक प्रश्न. एखादा समाजच आजारी का आहे, हा निराळा प्रश्न आणि त्याचे उत्तरही निराळे.

हा फरक वंशाचा असावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन स्थलांतरितांनी केले. १९६० च्या दशकात जपानमधील, होनोलुलूतील आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना करण्यात आली. मायदेशी सरासरी १८० च्या आसपास, होनोलुलूत २२० च्या जवळ आणि कॅलिफोर्नियात त्याहूनही अधिक आढळली. वंश तोच, पान वाढणारे घर बदलले होते. आपल्या गुजरातेतील नवसारी परिसरातील ग्रामस्थ आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले त्यांचे गाववाले यांच्या तुलनेतही परदेशस्थांचेच कोलेस्टेरॉल जास्त भरले. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

जी सरासरी वाढते ती उतरविताही येते, हे फिनलंडने दाखविले. नॉर्थ कॅरेलिया प्रांतात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने दगावत होते. १९७१ साली तेथील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदतीची मागणी केली आणि १९७२ साली तरुण डॉक्टर पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प उभा राहिला. त्यांनी केवळ रुग्णांना औषधे दिली नाहीत. त्यांनी गाव हाती घेतले. गृहिणींच्या संघटनांनी नव्या पाककृती घरोघरी नेल्या. पावावरचे लोणी कमी झाले, साय काढलेले दूध रूढ झाले, थंड हवेत येणाऱ्या रेपसीडचे तेल स्वयंपाकात आले. काही पशुपालक बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळले. कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या स्पर्धाही गावागावांत लागल्या! पुरुषांची सरासरी १९७२ साली २६५ च्या आसपास होती. २००७ पर्यंत ती २१० च्या आसपास आली. धूम्रपान आणि रक्तदाबही घटले. कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे सर्रास वापरात येण्यापूर्वीच या उताराचा मोठा भाग पार पडला होता.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, मॉरिशसचे. तेथील बहुसंख्य प्रजा भारतीय वंशाची असून तीत मराठी कुळांतील मंडळीही आहेत. सरकारी अनुदानावर मिळणारे स्वयंपाकाचे तेल तेथे प्रामुख्याने पाम तेल असे. १९८७ साली शासनाने त्याऐवजी सोयाबीन तेल आणले. १९९२ पर्यंतच्या पाच वर्षांत लोकसंख्येची सरासरी सुमारे २१० वरून सुमारे १८० वर आली. विशेष म्हणजे त्याच काळात लोकांचा लठ्ठपणा मात्र वाढला होता! मनोनिग्रहाचे सगळे श्रेय येथे लागू पडत नाही. तेलाचा डबा बदलला आणि त्याबरोबर रक्त बदलले.

‘नेचर’ या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १९८० ते २०१८ या काळातील २०० देशांचा आढावा घेतला. त्यासाठी १० कोटींहून अधिक व्यक्तींची मोजमापे वापरली गेली. वायव्य युरोपची पातळी उतरली, पूर्व व आग्नेय आशियाची चढली आणि जगाची एकूण सरासरी जवळजवळ जागच्या जागी राहिली. ओझे कमी झाले नाही, खांदे बदलले.

ते आपल्या खांद्यांवरही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. जगात सर्वाधिक पाम तेल आयात करणारा देश आपलाच आहे. फरसाण, बिस्किटे आणि हॉटेलातील कढई यांतून ते आपल्या नकळत पानात येते. चांगला पायंडाही आपण पाडला आहे. वनस्पती तुपासारख्या स्निग्ध पदार्थांतील घातक ट्रान्स मेदाची मर्यादा शासनाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. ज्याने कधी रक्त तपासले नाही, त्या माणसालाही या निर्णयाचे संरक्षण मिळते.

यावरून कोणी वैद्यकीय सल्ला किंवा औषधे सोडावीत, असे मी सुचवीत नाही. ज्याचा आकडा चढलेला आहे, त्याला उपचार हवेतच. परंतु उपचार एकेका माणसाला वाचवितात. पुढच्या पिढीची सरासरी ठरते ती दुकानातील तेलावर, शासनाच्या कर व अनुदानाच्या धोरणावर, शाळेच्या उपाहारगृहातील कढईवर आणि घरच्या वाढपाच्या रीतीवर. यांतील उपाहारगृह तर आपल्याच हातातले आहे. तेथे कोणते तेल येते, एकच तेल किती वेळा तापविले जाते, एवढी चौकशी माजी विद्यार्थी संघाने या वर्षी केली, तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन. या वर्गांत आज बसणारी मुले चाळिशीला पोहोचतील, तेव्हा त्यांच्या कागदावरच्या ‘सामान्य’ या शब्दाला काय अर्थ असेल, हे बऱ्याच अंशी आज आपण ठरवीत आहोत.