ठकीचं ‘नको’

(राधानगरी येथे बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज मी मांजरावर बोलणार आहे असं कळवलं तेव्हा बैठक बोलावणाऱ्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, “ताई, आपल्या दाजीपूरचा गवा सोडून मांजर कशाला?” गव्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. त्याच्यासाठी अभयारण्य आहे, वनखातं आहे, पर्यटक आहेत. चुलीपाशी बसलेल्या मांजराकडे कोण बघणार? आणि चुलीपाशी काय चालतं हे आपण बायकांनी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

आमच्या घरात आम्ही दोघी. मी, आणि ऐंशी ओलांडलेली माझी आई. तिसरी ठकी. करड्या पट्ट्यांची, एक कान फाटलेला. हिला आम्ही आणली नाही, ती आली. चार वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, इथला पाऊस आठ दिवस थांबला नव्हता तेव्हा. भाताच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली होती. ठकी माळ्यावर शिरली, उंदीर गेले, ठकी राहिली. आमच्यात एवढाच करार झाला.

स्वभावाने ठकी लहरी. दारापाशी येऊन ओरडते, म्हणून उठून दार उघडावं तर उंबऱ्यावर बसते. आत नाही, बाहेर नाही. चार-चार दिवस आमच्याकडे ढुंकून बघत नाही. घोंगड्याची घडी तिची, तिथून उठवलेलं चालत नाही. हात लावला तर कधी लावू देते, कधी पंजा उगारते. आणि मग एखाद्या संध्याकाळी वीज गेलेली असते, मी कंदिलाशी बसून गटाचा हिशेब लिहीत असते, तेव्हा कुठून तरी येते आणि माझ्या मनगटावर कपाळ घासते. मांडीवर चढते, पुढच्या पंजांनी कणीक तिंबावी तशी मांडी तिंबते, डोळे अर्धे मिटून घुरघुरते. पाच मिनिटं, फार तर दहा. मग उठते आणि मागे वळूनही न बघता निघून जाते. हिशेब अर्धा राहतो, पण त्या रात्री मला झोप चांगली लागते.

तुम्ही म्हणाल, एवढा नखरा कशाला सोसायचा? त्याचं उत्तर द्यायच्या आधी मांजर असं का वागतं ते थोडं सांगते.

कुत्र्याला माणसाने हजारो वर्षं कामासाठी निवडून वाढवलं. मांजराचं तसं झालं नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं आली. त्यांना कोणी पकडून दावणीला बांधलं नव्हतं. ती आपल्या सोयीने आली आणि आपल्या सोयीने राहिली. आमच्या माळ्यावर जे झालं तेच तिथे झालं होतं. त्यामुळे मांजर हुकूम मानत नाही यात त्याचा उद्धटपणा नाही. हुकमाचं नातं त्याच्याशी कधी जुळलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं तेव्हा त्याला माणसाचा हात प्रेमाने लागला तर ते पुढे माणसाळतं. त्या दिवसांत माणूस दिसलाच नाही, किंवा दिसला तो दगड घेऊन, तर भीती आयुष्यभर अंगात राहते. ठकीचा फाटका कान काय सांगतो ते आपल्याला कळत नाही. पण झाडूचा दांडा दिसला की ती आजही माळ्यावर पळते.

आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची. ठकी अचानक पंजा मारत नाही. आधी सांगते. शेपटीचं टोक आपटायला लागते. कान मागे वळतात. पाठीवरची कातडी थरथरते. घुरघुर थांबते. मान वळवून हाताकडे बघते. एवढं सगळं सांगूनही हात थांबला नाही, तर मग नखं. शेपूट ताठ उभी करून आली तर ती खुशीत असते. गालावर, हनुवटीखाली कुरवाळलेलं तिला आवडतं, पोटाला हात लावलेला बहुधा नाही.

हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालं आहे. माझा सहा वर्षांचा भाचेनातू सुट्टीत येतो. पहिल्याच दिवशी त्याने तिला कवटाळलं आणि ओरखडा खाल्ला. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतली आणि तडक आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शनांचं विचारलं. मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातूनही रेबीजचा धोका असतो, तिथे घरगुती उपाय नकोत. दुसऱ्या दिवशी आईने त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं, “आधी हात फुडं धर. ती आली तर लाव. न्हाई आली तर गप बस.” पोराला दोन दिवसांत जमलं.

मैत्रिणींनो, मी तिथे दळण निवडत बसले होते आणि माझ्या मनात आलं, सहा वर्षांच्या पोराला दोन दिवसांत जे समजलं ते मोठ्या पुरुषांना का समजत नाही? मांजराचा कान वळला की अख्खं घर हात आखडतं. बाई तोंडाने ‘नको’ म्हणते, तेव्हा मात्र लोक म्हणतात, तिच्या मनात तसं नाही, लाजते, नखरे करते.

१९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, गावोगावच्या बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, एवढी साधी गोष्ट समजावून सांगायला चळवळ उभी करावी लागली. आणि अजूनही ती पुरती समजलेली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी नवऱ्याने अठरा वर्षांवरच्या बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलीच राहिली.

ठकीकडून एक गोष्ट कळली ती इथे सांगते. मांजर खुशीत घुरघुरतं तसं दुखत असतानाही घुरघुरतं. गेल्या वर्षी तिच्या पायाला गळू झालं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी तो दाबला तेव्हाही ती घुरघुरत होती. त्या आवाजावरून कोणी ‘मजेत आहे’ म्हटलं असतं तर? बाईचं हसणं, बाईचं ‘बरं’, बाईचं ‘तुम्ही म्हणाल तसं’, यातलं किती खुशीचं आणि किती दुखण्याचं हे कोणी विचारलंय?

दुखण्यावरून आठवलं. मांजराचा स्वभाव एकाएकी बदलला, जवळ येणारं मांजर लपून बसायला लागलं, तर ती लहर समजू नये. मांजर दुखणं लपवतं. डॉक्टरांना दाखवावं. आणि बाई चिडचिड करायला लागली तर? घरचे म्हणतात, “तिचा स्वभावच तसा.” पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायका महाराष्ट्रात रक्तक्षयाच्या आहेत, हे सरकारच्याच पाहणीत निघालं आहे. थायरॉईड असतो, पाळी जायचे दिवस असतात, रात्रीची झोप नसते, मनावरचं ओझं असतं. ठकीला मी पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. आपल्यापैकी किती जणींना घरातून कोणी असं नेलं आहे?

माझ्या संसारात ‘नको’ या शब्दाची किंमत काय होती ते इथल्या जुन्या मैत्रिणींना ठाऊक आहे, ते आज पुन्हा उगाळत नाही. पण आईचं सांगते. तिने उभ्या जन्मात कोणाला नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सासूला नाही, दिराला नाही, नवऱ्याला तर नाहीच. ठकी एकदा तिच्या मांडीवरून उठून गेली तेव्हा आई हसली आणि म्हणाली, “हिला नगं म्हणाया येतंय बघ. मला कवा आलं न्हाई.” हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

मागच्या म्हाईला घर पाहुण्यांनी भरलं होतं. रात्री अकरा वाजता आईचा एक भाचा म्हणाला, “आत्या, जरा चा टाक की.” आई म्हणाली, “नगं. मी दमलेय.” सगळे गप्प झाले. मग भाच्यानेच उठून चहा केला. साखर जास्त पडली. कोणी रुसलं नाही, आभाळ कोसळलं नाही. पण त्या एका ‘नगं’ला ऐंशी वर्षं लागली.

आता कोणी म्हणेल, बाईची मांजराशी तुलना करता? आपल्या समाजाने ती आधीच केलेली आहे, आणि तीही अपमानासाठी. वाटेत मांजर आडवं गेलं की अपशकुन. वाटेत विधवा आडवी आली तरी अपशकुन. एकीकडे षष्ठीदेवीचं वाहन म्हणून मांजराला मान, दुसरीकडे ते दिसलं की थुंकायचं. बाईचंही तेच. देव्हाऱ्यात देवी, आणि नवरा गेला की ओटीभरणीला बोलवायची नाही. हे मोडता येतं. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. मग सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ मध्ये केला होता आणि बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९१९ मध्ये. त्यांनी आपल्या लेकीच्या नावाने वसवलेल्या या गावात आपण बसलो आहोत. या गावच्या बायकांनी अपशकुनाला घाबरायचं कारण नाही.

मात्र एक फरक आहे, आणि तो सोडून चालणार नाही. ठकी ‘नको’ म्हणू शकते, कारण तिला चार घरं आहेत. आमच्याकडे पटलं नाही तर शेजारच्या गोठ्यात धारेच्या वेळी जाऊन बसते. उंदीर तिचे तिला मारता येतात. बाईने ‘नको’ म्हटलं तर ती जाणार कुठे? घर नवऱ्याच्या नावावर, सातबारा सासऱ्याच्या नावावर, माहेरी भाऊ-भावजय. म्हणून बाईला राग येऊ दिला जात नाही, फक्त रुसवा येऊ दिला जातो. रुसव्याचं कौतुक होतं, कारण रुसलेली बाई शेवटी समजूत काढून घेते. तिच्याकडे दुसरं काय असतं?

मी परत येऊ शकले, कारण हे घर आईच्या नावावर होतं. एवढंच. माझ्या धाडसाचं कौतुक करतात त्यांना मी हे सांगते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला. त्याच साली आलेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, घर कोणाच्याही नावावर असो, राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. हे कागद पेटीत ठेवण्यासाठी नाहीत. ‘नको’ हा शब्द तोंडातून निघायला पाठीशी छप्पर लागतं. बहिणींनो, भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली तर आधी इथे गटात येऊन बोला, मग ठरवा.

आता मघाचा प्रश्न. एवढा नखरा कशाला सोसायचा? मला तो सोसणं वाटत नाही. ठकी जवळ येते तेव्हा मला पक्कं ठाऊक असतं, की तिला यायचं होतं. भुकेने आली तर ताटलीकडे जाते, माझ्याकडे नाही. भीतीने आली तर लपून बसते, मांडी तिंबत नाही. जिला जाता येतं तिच्या येण्याला किंमत असते. जी कधी नाही म्हणू शकत नाही तिच्या होकाराचं माणसाने काय करावं? ज्या नवऱ्याला आयुष्यभर बायकोने फक्त ‘बरं’ म्हटलं, त्याला तिचं प्रेम होतं की भीती होती, हे तरी कधी कळलं असेल का? नुकसान त्याचंही झालंच की.

शेवटी एक काम देते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. प्रत्येकीने दोनच गोष्टी सांगायच्या. घरात मी शेवटचं ‘नको’ कधी म्हटलं, आणि त्यानंतर काय झालं. कोणी टोमणा खाल्ला असेल, कोणी मार खाल्ला असेल, कोणाचा चहा दुसऱ्याने केला असेल. सगळं गटाच्या वहीत लिहा, नावं लिहू नका. जिथे मार आहे तिथे गटाने एकत्र जायचं, एकीला एकटं पाठवायचं नाही. आणि एखादी म्हणाली, “मला आज सांगायचं नाही,” तर तिला आग्रह करू नका. ते तिचं पहिलं ‘नको’ असेल. ते आपण नीट ऐकून घेऊ.

एवढं बोलून थांबते.