साठीनंतरची लेखणी : र्‍यू केइचिरो



कादंबरीकाराची पहिली कृति विशी-तिशींत प्रसिद्ध व्हावयाची, चाळिशींत त्याचा लौकिक पसरावयाचा आणि साठीनंतर त्यानें आठवणी लिहावयाच्या, असा एक ठरीव क्रम आपण मनांत धरलेला असतो. आज ज्या जपानी ग्रंथकाराचा परिचय करून देण्याचें मीं योजिलें आहे, त्यांनीं हा क्रम पार मोडला. र्‍यू केइचिरो यांची पहिली कादंबरी १९८४ सालीं एका साप्ताहिकांतून क्रमशः येऊं लागली, तेव्हां त्यांची साठी उलटली होती. आणि १९८९ च्या नोव्हेंबरांत ते वारले. कादंबरीकार म्हणून त्यांना अवघीं पांच वर्षें लाभलीं. तेवढ्यांत त्यांनीं जपानी ऐतिहासिक कादंबरीला एक नवी दृष्टि दिली. ती त्यांना कोठून लाभली, हें आपण पाहूं.

त्यांचें खरें नांव इकेदा इचिरो. जन्म १९२३ सालीं तोकियो शहरीं झाला. विद्यार्थिदशेंतच त्यांना फ्रेंच वाङ्मयाची गोडी लागली. परंतु १९४३ सालीं सरकारनें विद्यार्थ्यांना असलेली लष्करी सेवेची सवलत काढून घेतली आणि या तरुणाची रवानगी चीनमध्यें झाली. फौजेंत फ्रेंच कवीचें पुस्तक जवळ बाळगणें धोक्याचें होतें. तेव्हां रँबो या कवीचें एक भाषांतरित पुस्तक आपण 'हागाकुरे' नांवाच्या ग्रंथांत दडवून नेलें, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. 'हागाकुरे' हा अठराव्या शतकाच्या आरंभीं एका वृद्ध सामुराईनें सांगितलेला बोध. त्यांत मरणाची महति गायिली आहे, म्हणून वरिष्ठांना तो प्रिय! पण वाचावयास दुसरें कांहीं नाहीं म्हणून त्यांनीं हें वरचें आवरणही वाचलें, आणि त्यांत त्यांना घोषवाक्यांऐवजीं हाडामांसाचीं, विक्षिप्त, जिवंत माणसें भेटलीं. या दोन पुस्तकांची संगत त्यांना जन्मभर पुरली.

युद्धानंतर तोकियो विद्यापीठांत फ्रेंच वाङ्मयाचें अध्ययन करून त्यांनीं १९४८ सालीं पदवी घेतली. प्रख्यात टीकाकार कोबायाशि हिदेओ हे त्यांचे गुरु. रँबोचें तें भाषांतर त्यांचेंच. गुरूंच्या हाताखालीं प्रकाशनसंस्थेंत नोकरी, मग विद्यापीठांतून फ्रेंच भाषेचें अध्यापन, आणि पुढें तेंही सोडून चित्रपटांच्या पटकथा, असा त्यांचा प्रवास झाला. १९५९ च्या 'निआनचान' या चित्रपटाची पटकथा त्यांनीं दिग्दर्शक इमामुरा शोहेइ यांच्यासह लिहिली. कोळशाच्या खाणीच्या गांवीं पोरकीं झालेलीं कोरियन वंशाचीं चार भावंडें हा तिचा विषय; एका दहा वर्षांच्या मुलीच्या रोजनिशीवरून ती घेतलेली आहे. या पटकथेला पटकथालेखकांच्या संघाचें पारितोषिक मिळालें. त्यानंतर चित्रपट व दूरचित्रवाणी यांसाठीं ते वर्षानुवर्षें लिहीत राहिले.

मग कादंबरी कां नाहीं? गुरूंच्या कठोर दृष्टीसमोर कादंबरी ठेवण्याचें धैर्य त्यांना झालें नाहीं, असें सांगतात. कोबायाशि १९८३ सालीं निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं शिष्याची कादंबरी सुरू झाली. तिचें नांव 'योशिवारा गोमेनजो', म्हणजे 'योशिवाऱ्याची सनद'.

१९७८ सालीं आमिनो योशिहिको या इतिहासकारानें एक ग्रंथ लिहून दाखविलें होतें कीं, मध्ययुगीन जपानांत जमीन व धनी यांच्या बंधनांतून सुटलेल्यांना आश्रय देणारीं स्थळें होतीं, आणि गांवोगांव हिंडणारे नट, कारागीर, बाजारकरी यांना एक प्रकारचें स्वातंत्र्य होतें. र्‍यू यांनीं हें सूत्र उचललें. १६५७ सालीं एदो शहर आगींत भस्मसात् झालें व योशिवारा ही वारांगनांची वस्ती नव्या जागीं गेली. तेथें मुसाशि या प्रसिद्ध खड्गवीरानें वाढविलेला एक तरुण येतो. त्या वस्तीला शोगुन इएयासु यांनीं एक गुप्त सनद दिलेली आहे आणि तिच्यासाठीं तरवारी चालतात. एवढ्या मोठ्या राज्यकर्त्यानें अशा वस्तीला सनद कां द्यावी, ही कथेची गांठ. आणि ही वस्ती म्हणजे परागंदा भटक्यांनीं स्वतःसाठीं उभारलेला गड, हें तिचें उत्तर. खऱ्या योशिवाऱ्यांतील मुली बहुधा कर्जापायीं विकल्या जात, हें मात्र वाचकानें विसरूं नये.

'कागेमुशा तोकुगावा इएयासु' या कादंबरींत तर त्यांनीं कमालच केली आहे. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईंत इएयासु मारला जातो आणि त्याच्यासारखा दिसणारा त्याचा तोतया, जो मुळांत एक भटका, त्याची जागा घेतो. इएयासु १६१६ सालीं वारला हें इतिहासाला ठाऊक आहे. पण त्यानें १६०५ सालींच पुत्र हिदेतादा यास शोगुनपद देऊन पुढें सुम्पु येथें कां राहावें, असले प्रश्न लेखक नव्या नजरेनें सोडवितो. पुत्र वाट पाहतो तोतयाची गरज संपण्याची, आणि तोतया झटतो लोकांना शांतता मिळावी म्हणून. हा इतिहास नव्हे, हें उघड आहे. परंतु शाळेंत इतिहास शिकवितांना राजांच्या वंशावळी व लढायांचे सन यांपलीकडे क्रमिक पुस्तक फारसें जात नसे. सनदा ज्यांच्या नांवें निघत नाहींत ते लोक कसे जगले असतील, हा प्रश्न अशी कादंबरी मनांत उत्पन्न करिते. तेवढ्याकरितां शिक्षकानें तिचे आभारच मानावे.

मला वाटतें, ही दृष्टि पुस्तकांतून आली तशीच आयुष्यांतूनही आली. परक्या मुलुखांत मनाविरुद्ध शिपाईगिरी केलेला आणि खाणीवरच्या पोरक्या मुलांची कथा लिहिलेला मनुष्यच तोतयाच्या बाजूनें उभा राहूं शकतो. पटकथेनें त्यांना प्रसंग चटकन् उभा करण्याची हातोटी दिली. म्हणून ते साठीला आरंभ करणारे नव्हते; चाळीस वर्षें सांठवीत आलेलें त्यांनीं साठीला बाहेर काढलें.

१९८९ सालीं 'इचिमुआन फूर्‍यूकि' या, माएदा केइजिरो नांवाच्या मनस्वी वीरावरील, कादंबरीला शिबाता रेन्झाबुरो पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं मृत्यूनें गांठलें. पुढें तीच कथा चित्रमालिकेच्या रूपानें जपानच्या लाखो मुलांनीं वाचली. पण 'हागाकुरे'च्या पानांतून उगवलेली कादंबरी अपुरीच राहिली, आणि तिच्यासारख्या आणखीही कांहीं. सेवानिवृत्त श्रोत्यांना र्‍यू यांच्या उदाहरणानें उमेद येईल, तशीच थोडी घाईही वाटावी. सांठा पुरेसा झाला असेल, तर लेखणी उचलण्यास उद्यांची वाट पाहूं नये.