कालव्याच्या काठानं सायकल

कुणी भाकरी थापत असाल, कुणी कांदा निवडत असाल. तसंच ऐका, हात थांबवू नका.

आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. अकरा जणी आहोत. सगळ्यात धाकटी सव्वीस वर्षांची, सगळ्यात थोरली एकसष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या तिघींनाच सायकल येत होती, आणि त्याही लग्नानंतर कधी सीटवर बसल्या नव्हत्या. आज नऊ जणींना येते. उरलेल्या दोघींपैकी एक म्हणते गुडघा नको म्हणतो, दुसरी म्हणते नवरा नको म्हणतो. गुडघ्यावर आमच्याकडे उपाय नाही.

सायकलीचं कसं सुरू झालं ते आधी सांगतो, कारण ते काही हौसेनं झालं नाही. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा पाच किलोमीटरवर, डांबरी रस्त्यानं. त्या रस्त्यानं ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि साइड द्यायची म्हणजे सायकलवाल्यानं खड्ड्यात उतरायचं. आमच्या गटातल्या एका वहिनींची मुलगी अशीच उतरली आणि पडली. हात मोडला. प्लॅस्टर निघालं, पण घरच्यांनी सायकल माळ्यावर टाकली ती टाकलीच. मुलगी नववीत होती. आता बारावीपर्यंत शिकवायचं की काय करायचं, अशी घरात कुजबुज सुरू झाली. कुणी ओरडून शाळा बंद करत नाही, मैत्रिणींनो. हळूच बंद होते. आज पाऊस आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा द्राक्षाच्या विरळणीला माणूस कमी आहे.

त्या वहिनींच्या डोक्यात कालव्याचा रस्ता आला.

आपल्याकडे गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला. तिथून निघालेले कालवे पार कोपरगाव-राहात्याकडे जातात. पुढे वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही तिथूनच निघाला. कालवा म्हटला की त्याच्या काठानं एक मुरमाचा रस्ता असतोच. खात्याच्या माणसांना पाणी बघायला, दारं उघडायला, गाळ काढायला जाता यावं म्हणून केलेला. त्यावरून गुरं जातात, शेतात जाणारी एखादी मोटारसायकल जाते, बाकी शुकशुकाट. बाजूला बाभळी, करंज, कुठे निलगिरीची रांग. उन्हाळ्यातसुद्धा सावली सुटत नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला चालवायला लागल्यावर कळली. कालव्याच्या रस्त्याला चढ नसतो. पाणी आपोआप वाहायला हवं, पण धावत सुटायला नको, म्हणून कालवा अगदी नावाला उतार ठेवून, जमिनीचा उंचसखलपणा वळसे घालून चुकवत नेलेला असतो. डांबरी रस्ता टेकाड आलं की सरळ वर चढतो. कालवा वळसा घेतो. म्हणून अंतर थोडं वाढतं, पण दम लागत नाही. शाळा रस्त्यानं पाच किलोमीटर, कालव्यानं साडेसहा. तरी मुली सांगतात, कालव्यानंच बरं. नवशिक्या बाईला याहून चांगला रस्ता नाही. पाण्यासाठी आखला आणि आपल्या गुडघ्यांना लाभला.

पण मुलीला एकटीला तिकडून कसं पाठवायचं? ट्रॅक्टरची भीती गेली, तर शुकशुकाटाची आली. आईनं बरोबर जावं तर आईला सायकल येत नाही. मग आई शिकली. तिच्यामागून आम्ही.

शिकण्याचं सांगतो, कारण आम्ही केलेल्या चुका तुम्ही पुन्हा करायचं कारण नाही. पहिली चूक म्हणजे आम्ही एकदम कालव्यावरच गेलो. तसं करू नका. शाळेचं पटांगण, नाहीतर रिकामं खळं बघा. दुसरी चूक, मागून एकीनं सीट धरायची आणि पुढचीनं पॅडल मारायचं. धरणारी थकते, सोडते आणि बसलेली पडते. आमच्या एका भाचीनं सांगितलं, मावशी, पॅडलच काढून टाका. सायकलवाल्याकडून दोन्ही पॅडलं काढून घेतली, सीट इतकी खाली केली की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील, आणि पायानं ढकलत ढकलत चालवायला लागलो. लहान मूल बसल्या बसल्या सरकतं ना, तसं. दोन-तीन दिवसांत तोल येतो. तोल आला की पॅडल लावायची. चौथ्या दिवशी आमच्यातल्या पाच जणी पटांगणाला फेरी मारत होत्या. ब्रेक मात्र आधी शिका. पुढचा एकटा करकचून दाबला की माणूस हँडलवरून जातं.

साडीचा प्रश्न सगळ्याच विचारतात. गोल साडी असेल तर पदर खोचून पिन लावायची, निऱ्या थोड्या वर घ्यायच्या आणि सायकलला चेनकव्हर हवंच. काहीजणी सलवार घालतात. आमच्या एकसष्ट वर्षांच्या काकू नऊवारीचा काष्टा घालतात आणि त्यांना काहीच करावं लागत नाही. डंड्याची सायकलसुद्धा त्या सहज चालवतात. आम्हा बाकीच्यांकडे बघून हसतात, ते वेगळं.

कालव्यावर गेल्यावर दोन-तीन गोष्टी पाळायच्याच. पाण्याचं आवर्तन सुटलेलं असतं तेव्हा कालवा भरून वाहतो. काठ वरून शांत दिसतो, पण अस्तर केलेल्या कालव्याची बाजू घसरडी असते, पडलेल्या माणसाला पकडायला काही सापडत नाही. म्हणून चालवताना पाण्याच्या बाजूला नाही, शेताच्या बाजूला राहायचं, आणि शेजारी शेजारी नाही, एकामागे एक. नवशिकीनं आवर्तनात कालव्यावर जाऊच नये. आमचा हा नियम आहे आणि तो आम्ही कुणासाठी मोडत नाही.

दुसरा बिबट्या. गोदाकाठच्या ऊसात तो आहे, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि दिवेलागणीच्या आत घरी. एकटीनं नाही. गप्पा मारत, घंटी वाजवत जायचं. दिसलाच तर वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही, एकत्र उभं राहून आवाज करायचा. वनखात्याचा 1926 हा नंबर आम्ही सगळ्यांनी मोबाइलमध्ये घालून ठेवलाय. थंडीत तर निफाडचं काय सांगावं, पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा उन्हं वर येईपर्यंत तसंही कुणी हँडल धरत नाही.

तिसरे सराटे. बिबट्यापेक्षा यांनी आम्हाला जास्त छळलं. मुरमाच्या रस्त्यावर सराट्याचे आणि बाभळीचे काटे असे पसरलेले असतात की पहिल्या महिन्यात रोज एक तरी पंक्चर. दुकान गावात नाही. शेवटी पंक्चर काढायला आम्हीच शिकलो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघायचे, जागा घासायची, सोल्युशन लावून वाळू द्यायचं, मग पॅच. आणि चाकात बोट फिरवून काटा खरंच निघाला का हे बघायचं, नाहीतर तोच काटा पुन्हा ट्यूब फोडतो. गटाच्या पैशातून पंप घेतला. आता गावातले पुरुषही हवा भरायला आमच्याकडे येतात.

आपलं नाशिक सायकलीसाठी नावाजलेलं आहे. 2015 साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं पार करण्याची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. आम्हाला त्यांचं कौतुक आहेच. पण बायकांच्या सायकलीची आठवण काढायची तर आम्हाला तामिळनाडूतला पुदुकोट्टई जिल्हा जवळचा वाटतो. तिथे 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली. कलेक्टर बाई होत्या, शीला राणी चुंकत. बायकांना सायकलीसाठी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून त्यांनी खटपट केली. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलंय की लेडीज सायकली दुकानात पुरेनात, तेव्हा बायकांनी डंड्याच्या घेतल्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या बायका. त्यांनाही लोक हसले होते. सायकलीवर पाण्याचे हंडे आणि मुलं दिसू लागली तेव्हा हसणं थांबलं.

आम्हालाही बोलणी बसलीच. पण खरी अडचण हसणाऱ्यांची नव्हती. मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर कालव्याच्या रस्त्यावर एका ठिकाणी कुणीतरी काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली आणि पुढे जेसीबीनं गाळ काढून रस्त्यावरच ढीग ठेवले. मुली पुन्हा डांबरी रस्त्यावर. आम्ही आधी भांडायला निघालो होतो. काकूंनी थांबवलं, म्हणाल्या, रस्ता आपला नाही, खात्याचा आहे. भांडून काय मिळणार, मागून घ्या. ते खरं होतं. तो रस्ता कालव्याच्या देखभालीचा आहे, आपल्याला तिथे जाऊ देतात इतकंच. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, असा आपल्या राज्यात कायदा आहे. आमच्याकडे ती कागदावर व्हायची. या वेळी आम्ही अकराही जणी जाऊन बसलो, शाळेच्या मुली घेऊन. ठराव लिहून घेतला की गाळ शेताच्या बाजूला टाकावा, वाट मोकळी ठेवावी आणि मुलींच्या शाळेच्या वेळेला रस्त्यावर यंत्र उभं करू नये. तो ठराव घेऊन जलसंपदा खात्याच्या शाखा कार्यालयात गेलो. ढीग तीन आठवड्यांनी हलले. काटेरी फांद्या आम्हीच उचलल्या, कुणी टाकल्या ते विचारलं नाही. मुरूम टाकून खड्डे भरायचं मात्र अजून राहिलंय.

नेदरलँड्स देशात सायकलीचे रस्ते आहेत म्हणून लोक सांगतात. ते आधीपासून नव्हते. 1971 या एका वर्षात तिथे चारशेहून जास्त मुलं वाहनांखाली गेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर येऊन बसले. त्यानंतर सरकार हळूहळू वळलं.

आता सहा मुली कालव्यानं शाळेत जातात. सकाळी आमच्यातल्या दोघी बरोबर असतात, पाळी लावलेली आहे. हात मोडला होता ती दहावी पास होऊन अकरावीला गेली. तिच्या घरी अजून सगळं ठरलेलं नाही, पण सायकल माळ्यावरून खाली आली. तुमच्या घरी मुलगी असेल तर शाळेत एवढं विचारा: मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, आपला तालुका त्यात आहे का?

आणि रविवारी आम्ही आमच्यासाठी जातो. हे सांगायचं राहिलंच होतं. कालव्यानं उलट बंधाऱ्याकडे, सात किलोमीटर. डबा बरोबर. मध्यमेश्वराचं दर्शन घ्यायचं, मग चापडगावच्या बाजूला पक्षी बघायचे. हे अभयारण्य 2019 साली रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातली त्या यादीतली ही पहिली पाणथळ जागा. लांबलांबून लोक गाड्या करून येतात. आम्ही इथे जन्म काढला आणि मनोऱ्यावर कधी चढलो नव्हतो. चित्रबलाक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, ही नावं तिथल्या पाट्यांवरून आणि गाइडकडून शिकलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले दिवस. काकू म्हणतात, चाळीस वर्षं त्या पाण्यावर कपडे धुतले, पण पक्षी बघायला वर मान केली नव्हती.

सध्या आवर्तन सुरू आहे, म्हणून पुढचे दोन रविवार शाळेच्या पटांगणावरच. शिकायचं असेल त्यांनी उन्हं आल्यावर यावं. सायकल नसली तरी चालेल, गटाच्या दोन आहेत. पॅडलं काढलेली आहेत.