टोपीवरचा तुरा आणि घरबसली मजुरी



नटण्याचा विषय निघाला की आपल्यात लगेच दोन तट पडतात. आपल्या प्रदर्शनात पिसांचे दागिने ठेवायचे की नाही, यावरही पडलेच. म्हणून मी जरा लांबचं उदाहरण घेते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्याचे पांढरे तुरे असत. ही पिसं विणीच्या हंगामातच येतात. शिकारी घरट्यांपाशी जाऊन मोठे पक्षी मारत, मागे पिल्लं उपाशी मरत. याविरुद्धच्या लढ्यात बायका आघाडीवर होत्या. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी बायकांची संघटना काढली. १८९६ मध्ये बॉस्टनला हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून पिसं सोडायला लावली. हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्येच बंदी आली. खुद्द इंग्लंडमध्ये आयातबंदीचा कायदा व्हायला मात्र १९२१ साल उजाडलं!

१९२० मध्ये हे विधेयक रखडलं, तेव्हा एका पत्रकाराने सगळा दोष बायकांच्या हौसेवर टाकला. व्हर्जिनिया वुल्फ यांनी बायकांच्या साप्ताहिकात उत्तर दिलं. श्रीमंत बाईच्या हौसेची वकिली त्यांनी केली नाही. पण पक्षी मारणारे पुरुष, त्यावर पैसा करणारे पुरुष, आणि समितीत गणसंख्या भरू न देणारे खासदारही जवळजवळ सगळे पुरुषच, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणखी एक बाई या गोष्टीत आहे. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शहामृगाची पिसं पक्षी न मारता मिळत. न्यूयॉर्कच्या चाळींमध्ये आया आणि लहान मुली त्या पिसाच्या एकेका तंतूला दुसरा तंतू गाठ मारून जोडत, म्हणजे पीस लांब, झुबकेदार दिसे. मजुरी इंचावर. डोळे आणि बोटं त्यांची, दुकानाची पाटी दुसऱ्याची. आपल्याकडे पापड लाटणारीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पक्ष्यांचा प्रश्न सोपा आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांची पिसं परवानगीशिवाय विकता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण कोंबडीची पिसं रंगवून कानातली करणाऱ्या बाईला नगामागे काय मिळतं, हे कळल्याशिवाय ठरावावर मी तरी हात वर करणार नाही.