अडला तो शब्द, काम नव्हे



वर्धापनदिनी मीही चार शब्द बोलावेत असा तुमचा आग्रह. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात घडले तेच सांगते.

माझी लेक संगणकावर माहितीचे तक्ते ठेवण्याचे काम शिकली आहे. गेल्या महिन्यात ती नोकरीच्या मुलाखतीला गेली. तिथे विचारले, "टपल म्हणजे काय?" पोरीची बोबडी वळली. मग "कार्डिनॅलिटी" विचारली, तीही येईना. नोकरी हुकली. घरी आली ती न जेवताच निजली. "आई, मला काहीच येत नाही," एवढेच म्हणाली.

सकाळी तिने पुस्तक काढले. टपल म्हणजे तक्त्यातली एक आडवी ओळ! अशा ओळी किती, ती संख्या म्हणजे तक्त्याची कार्डिनॅलिटी. एडगर कॉड या विद्वानाने १९७० साली ही पद्धत गणिताच्या आधाराने मांडली, म्हणून नावे अशी जड. रोजच्या कामात सारे त्या ओळीला 'रो'च म्हणतात.

मी तिला आपल्या भिशीच्या वह्या दाखवल्या. पूर्वी दर महिन्याच्या पानावर आपण नाव, पत्ता, फोन सारे लिहीत असू. कुणी घर बदलले की पानोपानी खाडाखोड. मग सभासदांची वही वेगळी केली आणि भिशीच्या वहीत नुसता सभासद क्रमांक लिहू लागलो. लेक हसली. "आई, यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. तेही मुलाखतीत विचारतात!"

भगिनींनो, मागे तुम्ही मला खजिनदार हो म्हणालात, तेव्हा 'ताळेबंद' या शब्दाला भिऊन मी नको म्हटले. वीस वर्षे घरचा जमाखर्च लिहिणारी मी! मग लेकीला कोणत्या तोंडाने धीर देणार?

तरी तिला सांगितले, "नावेही शीक, चारचौघांत बोलताना ती लागतात. पण एखादे अडले तर गप्प बसू नकोस. म्हणावे, हे नाव ठाऊक नाही. अर्थ सांगा, काम कसे करायचे ते मी सांगते."

येत्या सोमवारी ती पुन्हा मुलाखतीला जाणार आहे. आणि यंदा खजिनदारकीसाठी माझे नाव सुचवलेत, तर मी नाही म्हणणार नाही. ताळेबंद म्हणजे काय ते मात्र मला एकदा कुणीतरी समजावून सांगा.